टाचेच्या दगडाची किळस

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. बाथरूममध्ये बादलीच्या मागे पडलेला, टाचा घासायचा दगड. तुम्ही मला दोन बोटांच्या चिमटीत धरता आणि काम झालं की नाक मुरडता. खुशाल मुरडा. मलाही तुमची किळसच येते.

जन्माने मी स्वच्छ. ज्वालामुखीतून उसळलेल्या रसात वायूचे बुडबुडे होते. रस झटकन थंड झाला आणि बुडबुड्यांच्या जागी भोकं राहिली. त्यामुळे मी इतका हलका होतो, की पाण्यावर तरंगायचो. पुढे करवतीने माझे तुकडे पाडले आणि दुकानाच्या टोपलीतून मी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकच्या घरी आलो.

मला आणलं त्याच्या बायकोने. ती मला दर वेळी ब्रशने धुवायची, खिडकीत वाळवायची. "बघा माझ्या टाचा, लोणी नुसतं!" असं ती म्हणाली की मी फुशारून जायचो. आजारपणात ती गेली आणि माझी रया गेली. मेकॅनिक, त्याची आई, त्याची मुलगी, आला-गेला पाहुणा, सगळ्यांना मी एकटाच. धुवायचं मात्र कुणी नाही. माझ्या भोकाभोकांत मेलेली कातडी, साबणाचा गाळ, ग्रीस आणि कुणाकुणाचे केस साचले. सदा ओला राहून मी कुबट वास मारू लागलो. आता पाण्यात टाकलं तर बुडतो.

काही वर्षांनी मेकॅनिकने पुन्हा लग्न करायचं मनावर घेतलं. बेकरी चालवणारी एक बाई त्याच्याकडेच स्कूटर दुरुस्तीला आणायची. ती रविवारी घरी येणार होती.

"अरे, जरा तोंडाकडे बघ," आई म्हणाली. "मुलगा कसला, माझा भाऊ शोभतोस!"

ते त्याच्या जिव्हारी लागलं.

"बाबा, मी कधीची सांगतेय," मुलगी म्हणाली. "उन्हात टोपी घाला, साधं क्रीम लावा, वेळेवर झोपा."

"रविवार परवावर आलाय गं. टोपीने परवापर्यंत काय होणार?" असं म्हणून तो बाथरूममध्ये शिरला आणि त्याने मला उचललं. "गंज घासला की खालून चकचकीत पत्रा निघतोच की!"

सकाळीच त्याच्या आईने माझ्यावर भेगाळलेल्या टाचा घासल्या होत्या. तो मळ तसाच होता. टाचेची कातडी जाड, गालाची पातळ. तो घासत राहिला आणि मला ओरडताही येईना. रविवारपर्यंत त्याचे गाल लालभडक सोलवटले, वर पिवळ्या पुटकुळ्या आल्या आणि त्यांतून लस गळू लागली.

बेकरीवाली दारातच थबकली. "अहो, हे काय? सायलेन्सरवर तोंड टेकलं का?"

"हो... तसंच काहीसं," मेकॅनिक पुटपुटला. आईने तिला आत बसवून चहाचा कप हातात दिला.

"खोटं!" मुलगी म्हणाली. "तरुण दिसायला टाचेच्या दगडाने तोंड घासलंय."

"टाचेच्या? कुणाच्या टाचेच्या?"

"सगळ्यांच्या."

"शी!" बेकरीवालीने हातातला कप खाली ठेवला. मुलीने मला कागदावर धरून आणलं. बाईने माझ्या भोकांत डोकावून पाहिलं, पदर नाकाला लावला आणि उठलीच. मेकॅनिकची मान खाली गेली. जमत आलेलं सगळं माझ्यापायी मोडणार होतं.

"बसा ना," आई अजिजीने म्हणाली.

"बसून काय करू? मी गॅरेजमधल्या माणसाला भेटायला आले होते. तो हसला की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं पडतं. हा सोललेला बटाटा कुठून आणून बसवलात?" मग मेकॅनिककडे वळून ती म्हणाली, "आधी डॉक्टरांकडे जा. चेहरा बरा झाला की येईन. आणि ते जाळं दिसलं नाही, तर माझा नकार समजा."

त्याने डॉक्टरांचं मलम लावलं, टोपी घातली आणि चेहऱ्याला हात लावायचं सोडलं. महिन्याभराने ती आली. तो लाजून हसला.

"हां," ती म्हणाली, "आता ओळखू आलात."

मित्रांनो, कातडी म्हणजे पत्रा नव्हे. जुना थर ती आपण होऊन टाकते, तिला घाई करू नका. उन्हापासून जपा, हलक्या हाताने धुवा आणि टाचेचं टाचेलाच ठेवा. प्रत्येकाने आपापला दगड वापरावा आणि काम झाल्यावर तो धुऊन वाळवावा. एवढीही उसंत नसेल, तर आम्हाला खुशाल फेकून द्या.

लग्न होऊन बेकरीवाली या घरात राहायला आली, ती स्वतःचा नवा दगड घेऊनच. माझ्याकडे एकदा बघून तिने तो वरच्या खिळ्याला टांगला, माझ्यापासून चांगला हातभर लांब. मला मुळीच राग आला नाही. शहाणी आहे बाई.