मिरचीच्या वडिलांची सहमती

चष्मेवाल्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो वकीलबाईंच्या केबिनमध्ये. बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी कायद्याने दत्तक घ्यायची, तर काय काय लागतं ते बाई समजावून सांगत होत्या. घरी एक अधिकारी येऊन चौकशी करणार, नऊ वर्षांच्या पोरीला न्यायाधीश स्वतः विचारणार, हे सगळं त्याला पटलं. मग बाई म्हणाल्या, "आणि जन्मदात्या वडिलांची सहमती. ती त्यांनी स्वतः कोर्टात येऊन द्यायला हवी. कुणाच्या धाकानं किंवा लालचीनं दिलेली चालत नाही. खरं तर इथेच गाडी अडते, पण तुमच्या केसमध्ये ते एका फोनवर तयार झाले."

"एका फोनवर?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हो. म्हणाले, कधी यायचं तेवढं सांगा."

त्याच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस ट्रक ड्रायव्हर. घटस्फोटाच्या वेळी पोरीच्या भेटीवरून त्याने कोर्ट डोक्यावर घेतलं होतं. पुढे चार वर्षं फिरकला नाही. आणि आता एकदम एवढा साधूसंत?

त्या आठवड्यात बायकोच्या मोबाइलवरून दूधवाल्याचा नंबर शोधताना त्याला ड्रायव्हरचा नंबर दिसला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही फोन संध्याकाळचे, तो आपल्या चष्म्याच्या दुकानात असतानाचे आणि इकडूनच केलेले. रात्री जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्याचा कधी फोनबिन येतो का गं?"

"मला कशाला येईल?" ती म्हणाली आणि पोरीला पोळी वाढायला लागली. पोरगी, जिला सगळे मिरची म्हणत आणि जी त्याला काका म्हणे, ताटात मान घालून जेवत होती.

सरळ खोटं बोलली, त्याला वाटलं. मग काय, प्रत्येक गोष्टीत त्याला पाणी मुरताना दिसायला लागलं. बायको नवी ओढणी घेऊन आली, की हा विचार करायचा, कशाला? ती खिडकीशी उभी राहिली की हा रस्त्यावर ट्रक शोधायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंग धरून तो "आता दिसतंय?" विचारायचा आणि उत्तर ऐकायचाच नाही.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी मिरचीचं अंथरूण, अभ्यासाचं टेबल, शेजारचं घर सगळं पाहिलं. शेवटी विचारलं, "या दत्तकाला घरात कुणाचा छुपा विरोध आहे का?"

"माझा नाही," चष्मेवाला म्हणाला आणि बायकोकडे टक लावून बघत राहिला. बायको गोंधळली.

तारखेच्या दिवशी ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी हजर. दाढी केलेली, शर्ट कडक इस्त्रीचा. आता हा उलटणार, चष्मेवाल्याला खात्रीच होती.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

"आणलाय की," ड्रायव्हर म्हणाला.

वकीलबाईंचं पेन थांबलं. चष्मेवाल्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"कुणी?"

"हिनं." त्याने मिरचीकडे बोट दाखवलं. "आईच्या मोबाइलवरून फोन केला मला. पहिल्यांदा मी रागाने ठेवून दिला. पुन्हा केला. म्हणाली, 'बाबा, शाळेतून काका आणतात, दवाखान्यात काका नेतात, आणि सही लागली की सगळे तुम्हाला शोधतात. तुम्ही सापडत नाही. एकदाच या आणि सांगून टाका.' मी उत्तर दिलं नाही, तर तिसऱ्यांदा केला. मॅडम, काय बोलणार? खरंच सापडत नाही मी. माझी सहमती आहे. कुणी काही दिलेलं नाही."

मग न्यायाधीशबाई मिरचीला एकटीला आत घेऊन गेल्या. बाहेर बाकावर बायको चष्मेवाल्याशेजारी बसली.

"म्हणून विचारलंत त्या दिवशी, फोन येतो का," ती म्हणाली. "आणि त्या अधिकारी बाईंसमोर माझ्याकडे तसं बघत होतात."

त्याला थाप मारता आली असती. "हो," तो म्हणाला.

"मला एकदा सरळ विचारायचं होतंत."

"विचारलं होतं की."

"ते विचारणं नव्हतं. ती उलटतपासणी होती."

दत्तकाचा हुकूम त्याच दिवशी झाला. ड्रायव्हरने मिरचीच्या डोक्यावर हात ठेवला, चष्मेवाल्याला दुरूनच नमस्कार केला आणि जिना उतरून गेला. वकीलबाईंनी पेढे मागवले. बायकोने मिरचीला भरवला, वकीलबाईंना दिला आणि बॉक्स बंद करून पिशवीत टाकला.

घरी जाताना मिरची दोघांच्या मधून चालत एकदा आईच्या तोंडाकडे, एकदा काकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनेच विचारलं, "आता काय झालं? सगळं झालं ना?"

"तुझं झालं," आई म्हणाली. "आमचं व्हायचंय."