टिकटिकबाईंचा प्रिंटर

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला दुकानात एकटाच बसून डबीतले स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करत होता. कालही त्याने तेच केलं होतं आणि दुकान बंद करताना सगळे परत एकत्र ओतले होते. बायको जाऊन दोन महिने झाले होते. अकरा दिवस दवाखान्यात होती, बाराव्या दिवशी गेली. लोक भेटायला आले, 'खंबीर आहात हो' म्हणून गेले. खंबीर कसला? दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो, तसं त्याला सगळं अंगच वाटत होतं. जेवत होता, झोपत होता, गिऱ्हाइकांशी नीट बोलत होता. कुणी विचारलं तर 'ठीक आहे' म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

फोन अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा होता. बायको त्या शाळेत तेवीस वर्षं पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायची.

"तुम्हाला अशा वेळी त्रास देतेय," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण बाई गेल्यापासून ब्रेल प्रिंटर बंद पडलाय. त्याचा कॉम्प्युटरच सुरू होत नाही. सातवीच्या मुलांना विज्ञानाचं पुस्तक अजून मिळालेलं नाही."

"येतो," तो म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी उचलून निघाला.

प्रिंटर ग्रंथालयामागच्या खोलीत होता. चांगला कपाटाएवढा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लाकडी पेटीत बसवलेला. शाईचं नाव नाही. जाड कागदावर सुया मारून ठिपके उठवायचे, एवढंच त्याला येत होतं. शेजारच्या टेबलाशी ग्रंथपाल बसली होती. पस्तिशीतली बाई, जन्मापासून आंधळी, आणि जिभेला धार.

"काका ना? पायांच्या आवाजावरून वाटलं," ती म्हणाली. "बाई सांगायच्या, चपला घासत चालतात म्हणून."

त्याने पिशवी खाली ठेवली. कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. हार्ड डिस्क खलास, बोर्डावरचा सेलही मेलेला. इतकं जुनं खोकं आता कुणी दुकानातही आणत नाही.

"काका, या मशीनचं जरा वेगळं आहे," ग्रंथपाल म्हणाली. "बाईंनी—"

"मला माहितीये," तो म्हणाला. "तीस वर्षं हेच करतोय."

"बरं," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

आधी त्याने सोपा रस्ता धरला. स्वतःचा लॅपटॉप काढला. पण प्रिंटरची केबल पंचवीस पिनांची, रुंद तोंडाची; नव्या लॅपटॉपला तसं पोर्ट कुठून असणार? पिशवीतला जोड लावून पाहिला. प्रिंटरने अर्धी ओळ ठोकली आणि गप्प बसला. प्रिंटर बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तिची वेबसाइटही गेलेली. म्हणजे त्या खोक्यालाच जिवंत करणं भाग होतं.

पिशवीत एक जुनी डिस्क होती. ती बसवली, सेल बदलला, त्या काळातली सिस्टिम टाकली. पडदा उजळला. आतापर्यंत सगळं हाताच्या सवयीने झालं होतं, डोकं कुठेच वापरावं लागलं नव्हतं. मग ड्रायव्हरची वेळ आली. प्रिंटर काय चीज आहे हे कॉम्प्युटरला समजावून सांगणारा तो बारकासा प्रोग्राम. तो नसला तर दोघं एकमेकांसमोर मुक्यासारखी बसून राहतात.

कपाटात एक पत्र्याचा डबा होता, त्यात सतरा सीड्या. एकीवरही अक्षर नाही. त्याने पहिली घातली, दुसरी घातली. पाचवीत ड्रायव्हर सापडला, पण बसेना. अर्ध्यावर जाऊन चूक दाखवायचा आणि यादीत प्रिंटरच्या नावापुढे पिवळं प्रश्नचिन्ह. त्याने तो काढला, परत टाकला, परत काढला. बारा वाजून गेले. शाळा सुटली, जिन्यात मुलांचा गलका झाला आणि थंडावला. मुख्याध्यापिका चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली.

एरवी एव्हाना त्याचा पारा चढला असता. आज तोही चढत नव्हता. तो फक्त बटणं दाबत होता.

"काका," ग्रंथपाल म्हणाली, "हे तुम्ही चौथ्यांदा तेच केलंत. चूक आली की तो ठण्ण करतो, मी मोजतेय. शिवाय तुम्ही जुनी सीडी घातलीय. त्याची दुरुस्त केलेली दुसरी आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सीडीची रिकामी डबी माझ्या टेबलावर आहे, तिच्यावर लिहिलंय." तिने उठून डब्यात हात घातला, डब्यांच्या कडांवरून बोट फिरवलं आणि नववी की दहावी उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने नीट पाहिलं. पारदर्शक चिकटपट्टीवर ठिपके होते. सगळ्याच डब्यांवर होते. सकाळपासून ते त्याच्या बोटांखाली होते.

"आणि बाईंनी एक कागदही करून ठेवलाय," ती म्हणाली. "प्रिंटर परत बसवायची वेळ आली तर काय काय करायचं, तो. मी सकाळी सांगणार होते."

त्याला आपलं 'मला माहितीये' आठवलं. "वाचा," तो म्हणाला.

ग्रंथपालने फाइलमधून जाड कागद काढला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. बोटं सरकू लागली. आवाज तिचा होता, पण बोलणं त्याच्या बायकोचं होतं. 'बरं का' असं ग्रंथपाल सकाळपासून एकदाही म्हणाली नव्हती.

"एक. आधी प्रिंटर बंद करा. बटणाने नाही, भिंतीवरून. बटण लबाड आहे. दोन. कॉम्प्युटरची तारीख बारा वर्षं मागे न्या. हा ड्रायव्हर आजच्या तारखेला जागा होत नाही, बरं का."

तो थांबला. म्हणजे ड्रायव्हरवरच्या कंपनीच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली. त्याच्या कसं लक्षात आलं नाही? दुकानात शिकायला येणाऱ्यांना त्याने हे दहा वेळा सांगितलं होतं. त्याने तारीख बदलली. बारा वर्षांमागचा तोच महिना, तोच दिवस. कोपऱ्यातला आकडा त्याने वाचला आणि नजर काढून घेतली.

"तीन. सीडी घाला. मध्येच चूक आहे म्हणून ओरडेल. ओरडू द्या. 'तरीही पुढे' दाबा. चार. परत सुरू झाला की पाच मिनिटं हात लावू नका. चहा प्या. घाई केलीत तर पहिल्यापासून." तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं, जरा अडखळलं आणि खालच्या ओळीवर उतरलं. "सहा. आता भिंतीवरून प्रिंटर सुरू करा."

"पाच राहिलं," तो म्हणाला.

"ते कामाचं नाही."

"वाचा ना."

तिने बोट वर नेलं. "पाच. एवढं करूनही जमलं नाही तर बाहेरच्या माणसाला बोलवा. आमच्या घरी विचारू नका. ते करतील, पण जुन्या वस्तूंवर फार चिडतात. मग मला वाईट वाटतं."

बायकोने चारपाच वर्षांपूर्वी हा प्रिंटर बसवून द्याल का, असं त्याला विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तो जेवता जेवता म्हणाला होता, "तो डबा भंगारात घाल आणि मलाही सुखाने दोन घास खाऊ दे." त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. त्यानंतर कितीतरी शनिवार तिला घरी यायला उशीर व्हायचा. शाळेत काम होतं, म्हणायची.

"हे सगळं तिला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. बाई पडद्यावरचं मोठ्याने वाचायच्या, मी ऐकायचे. मग दोघी मिळून ठरवायचो, काय दाबायचं ते. सात शनिवार लागले. जमलं त्या दिवशी त्यांनी मला भेळ— नाही, काहीतरी खाऊ आणला होता. मुलं त्यांना टिकटिकबाई म्हणायची, माहितीये ना? हाताने ठिपके टोचायच्या, त्याचा आवाज."

त्याला माहीत नव्हतं. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं, असं त्याला वाटलं. त्याने वाट पाहिली. काही झालं नाही.

"बरोबर लिहिलंय तिने," तो म्हणाला. "चिडतो मी."

त्याने प्रिंटर भिंतीवरून बंद केला, सीडी घालून 'तरीही पुढे' दाबलं, कॉम्प्युटर परत सुरू केला आणि गार झालेला चहा सायीसकट पिऊन टाकला. पाच मिनिटं घड्याळ लावून मोजली. मग भिंतीवरचं बटण दाबलं. यादीतलं प्रश्नचिन्ह गेलं.

पुस्तकाच्या फायली शाळेच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर होत्या, त्या त्याने आणल्या. पहिलं पान सोडल्याबरोबर पेटी हादरायला लागली. धडधड, धडधड, जाड कागद मागून सरकत होता आणि पुढून ठिपक्यांनी भरून बाहेर येत होता. ग्रंथपालने पहिलं पान फाडून घेतलं आणि बोटं फिरवली.

"पाठ पहिला, ध्वनी," तिने वाचलं. "जोडाक्षरंही बरोबर आलीत. काका, छापा."

दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत दोनशे दहा पानं काढली. तो कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत होता, ती पानं लावत होती. एकदा कागद अडकला. तो चिडला नाही. चिडायला आत काहीतरी लागतं.

मुख्याध्यापिका येऊन सारखं 'किती उपकार झाले' म्हणत राहिल्या. "अजून पाच पुस्तकं आहेत," त्या भीत भीत म्हणाल्या.

"शनिवारी येत जाईन," तो म्हणाला.

बाहेर पडून तो बसथांब्यावर बसला. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरीत तो चढला. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, आणि इतकी वर्षं रोज सांगितलेल्या थांब्याचं नाव त्याला पटकन आठवेना. कंडक्टर दुसऱ्या प्रवाशांची तिकिटं फाडून परत आला.

"बोला काका, कुठे?"

त्याने सांगितलं. आवाज थोडा फाटला. कंडक्टरच्या ते लक्षात आलं नाही, तिकीट देऊन तो पुढे सरकला.