तुझी बेल वाजतेय

मी एक बिनतारी बेल बोलतेय. आणली होती दारासाठी, पण दार काही माझ्या नशिबी आलं नाही. दोन वर्षांपूर्वी या घरातल्या आईला झटका आला. उजवं अंग गेलं, हाक मारायला आवाज उरला नाही. मग माझं बटण तिच्या डाव्या हाताशी आलं आणि माझा गळा, म्हणजे प्लगमध्ये खोचायचा पांढरा डबा, लेकीच्या टेबलाजवळ. कुणी ठरवलं? कुणीच नाही. आपोआप झालं.

स्वभावानं मी घाबरट. वाजले की वाटतं, फार मोठ्यानं तर नाही ना ओरडले? गप्प असले की वाटतं, सेल तर संपला नाही ना?

लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पुस्तकात पेन्सिल ठेवून उठायची. पाणी, औषध, कूस बदलणं, लघवीचं भांडं. परत येऊन तीच ओळ. शेजारच्या खोलीत दादा, नोकरी घरूनच. मी वाजले की तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "ए, तुझी बेल वाजतेय!"

"तिला सवय आहे," बाबा पेपरामागून म्हणायचे.

काकू यायच्या, "किती गं गुणाची!" म्हणायच्या आणि चहाचा उष्टा कप तिच्याच हातात देऊन जायच्या.

लेकीची प्रॅक्टिकल परीक्षा दोनदा हुकली. तिसऱ्यांदा हुकली तर वर्ष गेलं, सरांनी स्वच्छ सांगितलं. त्या सकाळी तिनं मला प्लगमधून उपटलं. माझा जीवच गेला. आता आईचं कोण ऐकणार?

ती आईच्या कानाशी वाकली. "आज दादा येईल. येईपर्यंत दाबत राहा."

मग मला दादाच्या उशाशी असलेल्या प्लगमध्ये खोचलं आणि आवाज पार शेवटपर्यंत वाढवला.

"हे काय? नऊला मीटिंग आहे माझी."

"नऊला प्रॅक्टिकल आहे माझं."

"अगं, पण तुझी बेल..."

"आईची आहे," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

पावणेनऊला आईनं दाबलं. मी वाजले. दादानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी पेपराकडे. आईनं पुन्हा दाबलं. पुन्हा. लाजबीज सगळी सोडून मी घसा फोडला. सातव्यांदा तो उठला.

"बाबा, भांडं कुठे असतं?"

बाबांना ठाऊक नव्हतं. दोघं माझ्या आवाजात घरभर फिरले. शेवटी आईनंच बोटानं पलंगाखाली दाखवलं.

लेक प्रॅक्टिकल देऊन आली, पण तिनं मला आपल्या खोलीत परत नेलं नाही. आता मी मधल्या पॅसेजमध्ये असते. दादा अधूनमधून मला हळूच तिच्या खोलीत सरकवतो, ती शांतपणे परत आणते. काकू म्हणतात, पोर हाताबाहेर गेली. जाऊ दे.

तुमच्याही घरात एखादी बेल असेल, तर जरा बघा, कुणाच्या टेबलाजवळ लावलीय. आमच्याकडे आत्ता आईनं दाबलंय. लेक अभ्यासाला बसली आहे आणि घरात आणखी दोन माणसं आहेत. कुणी उठेपर्यंत मी थांबायची नाही.