तोडीचा नंबर

"काका, हा तिसरा नियम तुम्ही कधी केलात?" वृषालीनं विचारलं.

"कसला तिसरा? ज्याची लागण जुनी, त्याचा ऊस आधी तोडायचा. तारीख सारखी असली तर ज्याच्या बांधापर्यंत गाडी जाते त्याचा. संपलं!"

सत्त्याण्णव साल. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात तोडीचे नंबर लावता लावता माझी पंचवीस वर्षं गेली. डोळे गेले, कंबर गेली, रिटायर व्हायला चार महिने उरले, आणि आता कॉम्प्युटर आला. पारनेरची ही पोरगी माझी बारा वर्षांची रजिस्टरं त्यात भरत होती. मी कुणाला कधी नंबर दिला ते बघून यंत्रानं नियम शोधायचे आणि पुढं त्याच नियमांनी नंबर लावायचे. साहेब म्हणाले होते, "गोरक्षनाथ सरळ माणूस. त्याचं डोकं उतरवून घ्या." खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. कुणाचा चहासुद्धा कधी घेतला नाही.

वृषालीनं कागद पुढं केला. "तारीख सारखी, रस्ता सारखा. तरी ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीचा ऊस दर साल तीन आठवडे मागं."

"ओढ्याला पाणी असतं, बाई."

"पूल होऊन आठ वर्षं झाली. नोंद तुमच्याच अक्षरात आहे."

मी रजिस्टर ओढलं. माझ्या आधीच्या कारकुनानं वस्तीची नावं शेवटच्या पानांवर घातली होती. दर साल मी तीच यादी उतरवली, आणि तारखा जुळल्या की पहिल्या पानापासून नंबर देत गेलो. मनात काही नव्हतं हो! पण वाळणाऱ्या उसाला माझ्या मनाशी काय घेणं? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हा नियम यंत्रात घालू नकोस."

"साहेबांना काय सांगू?"

"गोरक्षनाथची चूक म्हणून लिही. मी सही करतो."

सही करतोय तोच वस्तीवरची छबूबाई दारात आली. "भाऊसाहेब, औंदा तरी तोड लवकर द्या. ऊस वाळून पार चिपाड हुतोय."

"छबूबाई, तुमचा नंबर माझ्यामुळंच मागं पडत होता. मला आज कळलं."

"आमाला लई वरसं म्हाईत हाय," ती म्हणाली. "आमाला वाटायचं, तुमी जानूनबुजून करताय."

मी खुर्ची पुढं सरकवली. ती उभीच राहिली.

"तोडीची चिठ्ठी कदी मिळंल, तेवडं सांगा."