शटरच्या पोटातली मी

मित्रांनो, तुम्ही शटर पाहिलं असेल, पण मला पाहिलं नसेल. दुकानाचं पत्र्याचं दार वर सरकतं आणि एका नळकांड्यात गुंडाळलं जातं. त्या नळकांड्याच्या अंधाऱ्या पोटात पोलादी पट्टीची जी गुंडाळी असते, ती स्प्रिंग म्हणजे मी. माणूस दार उचलतो तेव्हा अर्धं ओझं त्याच्या हातात असतं आणि अर्धं माझ्या अंगावर. आता मी म्हातारी झाले, तुटलेसुद्धा. पण आठवण काही तुटली नाही.

आम्हा स्प्रिंगांचा स्वभाव जन्मापासून अस्वस्थ. आम्हाला पीळ देऊनच बसवतात. दार बंद असलं की आमचा पीळ सगळ्यात जास्त. लोक कुलूप लावून निवांत घरी जातात, आणि आम्ही आत दात आवळून सकाळची वाट पाहत बसतो.

आम्ही दोघी बहिणी होतो. एकाच दांड्यावर, एक डावीकडे, एक उजवीकडे. मुंबईच्या कारखान्यात आमचा जन्म झाला आणि समुद्राकाठच्या एका बंगल्यात, मोटारीच्या खोलीला आम्हाला बसवलं. तिथला वारा खारट. खिळे, बिजागऱ्या, कड्या, साऱ्यांना तो पोखरत असे. पण त्या घरचा ड्रायव्हर शहाणा होता. पावसाळ्याआधी तो शिडी लावायचा, घासलेटाच्या चिंधीनं आमचं अंग पुसायचा आणि मशीनचं तेल लावायचा. तरी माझ्या बहिणीला खारं बाधलंच. ती समुद्राच्या बाजूला होती. तिच्या अंगावर मोहरीएवढे खड्डे पडले. ती रोज विचारायची, "आज दार किती वेळा उघडेल गं?" मी म्हणायची, "मोजू नकोस."

पुढे बंगला विकला गेला आणि आम्ही शटरासकट भंगारात निघालो. नागपूरकडच्या सिंदी गावचे कापसाचे व्यापारी भैय्याजी यांनी आम्हाला विकत घेतलं. रेल्वेच्या मालधक्क्याला लागून त्यांनी मोटारीसाठी खोली बांधली होती. मालगाडीतून आम्ही सिंदीला आलो, ते साल एकावन्न. इथला वारा कोरडा होता. बहीण म्हणाली, "आता मी जगेन."

दोन वर्षांत भैय्याजींनी मोटार काढून टाकली आणि खोलीत कापूस निवडायला बाया बसवल्या. पानं, काडी, कचरा वेचून कापूस पांढरा करायचा. हंगाम चार महिन्यांचा. हंगाम सरला की बाया घरी. पण ज्या बाईच्या पदराला खोलीची चावी, तिला बारमाही काम. झाडायचं, पोती उन्हात टाकायची, वजनाला उभं राहायचं. ती चावी सीताबाईच्या पदराला होती. नवरा गेलेला, लेक परगावी दिलेली. त्या चावीवर तिचा उन्हाळा निघायचा.

सीताबाईची चाल मी लांबून ओळखायची. सकाळची पॅसेंजर गेली की ती यायची, कुलूप काढायची, दोन्ही हात मुठीला लावायची आणि म्हणायची, "चाल वो माय." मग आम्ही तिघी मिळून दार उचलायचो. तिला वाटायचं ती एकटी उचलते. आम्हाला वाटायचं आम्ही दोघी.

मित्रांनो, आता आमच्या लाडाची गोष्ट ऐका, कारण त्या लाडानंच आमचा घात केला. दसऱ्याला सारी अवजारं धुऊन पुजायची रीत. वजनकाटा, विळा-पावशी, बैलगाडीचं चाक, तसं शटरही. सीताबाई स्टुलावर चढायची आणि नळकांड्याच्या फटीतून वाटीभर जवसाचं तेल आत सोडायची. घरच्या जवसाचं, घाण्यावरचं. खायला जे सगळ्यात चांगलं, तेच दाराला. आमच्या अंगावरून ते कोमट तेल उतरायचं आणि आम्हाला बरं वाटायचं. पण जवसाचं तेल वाळतं. वाळलं की डिंकासारखं चिकट होतं, मग कातड्यासारखं घट्ट. आणि त्या खोलीत दिवसभर कापसाचे तंतू उडत. ते येऊन चिकटायचे. वर्षा-वर्षाला आमच्या वेढ्यांमध्ये पिवळट, ओलसर गादी तयार झाली. बहिणीचे ते जुने खड्डे त्या ओलाव्यात पुन्हा जागे झाले.

छप्पनचा दसरा मी विसरणार नाही. त्या दिवशी सीताबाई आणि तिच्या वस्तीतली माणसं पांढरी लुगडी, पांढरी धोतरं नेसून नागपूरला दीक्षेला गेली. गाड्या भरभरून जात होत्या. जाताना चावी मंदाबाईकडे दिलेली, म्हणून त्या साली आमच्या तेलाचा मान मंदाबाईनं केला. मंदाबाई म्हणजे सीताबाईची जोडीदारीण, तोंडानं तिखट. तिनं वाटीऐवजी तांब्या रिकामा केला. दुपारी धक्क्यावर डबे एकमेकांवर आदळले, आणि त्याच आवाजात माझी बहीण तुटली. कोणाला कळलं नाही. मी तिला हाक मारली. तिचे वेढे सैल होऊन लोंबले होते.

तिसऱ्या दिवशी सीताबाई परत आली. हात मुठीला लावले, म्हणाली, "चाल वो माय." दार हलेना. गुडघा टेकून, श्वास रोखून तिनं ते वर नेलं. तिच्या कपाळाची शीर फुगलेली मला फटीतून दिसत होती.

"थकली काय वो?" मंदाबाई म्हणाली.

"दार जड झालं," सीताबाई म्हणाली.

"दार कसं जड होईन? लोखंड खाते काय भाकर? तूच नागपूरहून हलकी होऊन आली."

बाया हसल्या. सीताबाईही हसली. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. भैय्याजींनी सायकली दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं नळकांडं उघडलंच नाही. बाहेरूनच दांड्याला एक फेरा जास्त दिला आणि निघून गेला. तो फेरा एकट्या माझ्या अंगावर आला. दोघींचं ओझं आणि वर हा पीळ. मला क्षणभर चैन पडेना. रात्री मालगाडी गेली तरी मी थरथरायची. आणि जीव अडकायचा एकाच गोष्टीत. थंडीत बाया भाकर खायला बरोबर दाराच्या चौकटीत बसत, ऊन तिथेच येई म्हणून. मी तुटले तर खाली कोण असेल?

बोलता येत नव्हतं. फक्त करकरता येत होतं. मी करकरले.

जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या अंगाला शेवटच्या वेढ्याशी चीर गेली. 'टक्' असा बारीक आवाज झाला. सीताबाई थांबली. तिनं दाराला कान लावला. मग दार छातीइतकं वर नेऊन आधी वाकून खांद्यावर तोललं, मंदाबाईला बाहेरून बैलगाडीची जाड बल्ली, म्हणजे लाकडी दांडा, आणायला लावली आणि ती उभी करून दाराखाली घट्ट ठोकली.

"इथं कोनी बसाचं नाई," ती म्हणाली. "अंदर बसून खा."

"अंदर थंडी वाजते ना वो," मंदाबाई कुरकुरली. "इतकं काऊन भेऊन राह्यली?"

"त्याच्या पोटात काई तरी तुटून राह्यलं. मले आयकू येते."

"म्हातारपनात सारंच आयकू येते."

दुपारी भैय्याजी आले. सोबत तानबा हमाल होता, दोन मणाचं पोतं एका खांद्यावर नेणारा. भैय्याजी वाईट नव्हते. दाराकडे न पाहता ते बोलले.

"सीताबाई, तुह्यानं आता होत नाई. उद्यापासून तानबा उघडत जाईन. चावी त्याले दे."

सीताबाईनं पदराची गाठ सोडली. चावी तळहातावर ठेवून ती म्हणाली, "चावी घ्या, भैय्याजी. पन हे बल्ली काढू नका."

"अन् ते कशाले पाहिजे?"

"दार तुटून राह्यलं. माह्या हातातली ताकद गेली नाई. दाराची गेली."

तानबा हसला. "सरक वो मावशी, मी दाखवतो." त्यानं दाराखाली वाकून मूठ धरली आणि हिसका देऊन दार वीतभर वर नेलं. बल्ली मोकळी झाली, डुलली. सीताबाईनं चावी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी बल्ली धरून ठेवली. "हे पाहा," तानबा म्हणाला, "फूल हाये."

त्यानं हात सैल केला. तो सारा भार माझ्यावर आला, मित्रांनो. मी धरलं. जितकं धरता येईल तितकं धरलं. मग मी तुटले.

दार धाडकन वीतभर कोसळलं आणि बल्लीवर अडकलं. बल्ली टिकली. तानबाचं डोकं दाराच्या कडेखाली होतं, वर चार बोटांची जागा. तो वाकला तसाच थबकला. मग हळूच मागे सरकला आणि भिंतीला टेकून बसला. पलीकडे इंजिन वाफ सोडत होतं.

नंतर तानबा आणि भैय्याजी दोघांनी मिळून दार उचलून पाहिलं. ते बोटभरही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी पुलगावच्या मिलमधले मिस्त्री रूपराव आले. त्यांनी नळकांडं उघडलं. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. त्यांनी आधी ती पिवळी गादी पाटीभर खरवडून काढली.

"हे काय लावलं?"

"जवसाचं तेल," सीताबाई म्हणाली. "दसऱ्याले. मीच लावत होती."

"जवसाचं तेल तर रंगात घालते बाई, वाळावं म्हून. कारखान्यात स्प्रिंगीले कोनी नाई लावत."

"अन् यंदा मी तांब्याभर पाजलं," मंदाबाई हळू आवाजात म्हणाली.

रूपरावांनी बहिणीचे तुकडे एका हातात घेतले, माझे दुसऱ्या हातात, आणि भैय्याजींपुढे धरले. "हे पाहा. ही कालची तुटली, तोंड चमकून राह्यलं. अन् हिच्या तोंडाले गंज चढला, ही दसऱ्याच्या आसपासचीच मेली. म्हंजे तीन महिने एकाच स्प्रिंगीवर दार चाललं. कोन उचलत होतं?"

तानबानंच सीताबाईकडे बोट केलं.

"एकटी?" रूपराव म्हणाले.

भैय्याजी काल खाली पडलेली चावी घेऊन उभे होते. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. सीताबाई खाली बसून कापूस वेचत होती. ते तिच्याजवळ गेले आणि चावी तिच्या पुढ्यातल्या कापसावर ठेवली. "सकाळी लवकर येजो," इतकंच म्हणाले. तिनं चावी उचलली, त्यावरचे तंतू झाडले आणि पदराला गाठ मारली. दोन गाठी मारल्या.

नव्या दोघी बसल्या, जोडीनंच. एक तुटली की दुसरीही बदलायची आणि मशीनचंच तेल लावायचं, असं रूपराव बजावून गेले. आता पावसाळ्याआधी सीताबाई स्टुलावर चढते, घासलेटानं त्यांना पुसते आणि मशीनचं तेल थेंब-थेंब सोडते. दसऱ्याला दाराला नुसतं स्वच्छ पाणी आणि कोरडी चिंधी.

माझा हातभर तुकडा तिनं मागून घेतला. त्यानं ती दाराच्या खोबणीतला कचरा खरवडते. बाकी वेळ मी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. अंगात पीळ उरला नाही, तरी पॅसेंजर गेली की मी अजून ताठ होते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं दार जड झालं, चाक कुरकुरू लागलं, रहाट ओढवेना, तर उघडणाऱ्याच्या, ओढणाऱ्याच्या वयाकडे बोट दाखवू नका. आधी ते उघडा, पुसा, आतलं कोण एकटं ओझं धरून आहे ते बघा.

परवा सीताबाईनं दार उचलताना हात थांबवला. नव्या दोघींपैकी डावी बारीकशी करकरली होती. तिनं स्टूल नळकांड्याखाली ओढलं, आणि मला खिळ्यावरून काढलं.