ताटलीतली आडवी भोके

मित्रांनो, मी एक म्हातारी रायफल आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. जिच्या एका टोकाला माणसाचा गाल टेकतो आणि दुसऱ्या टोकापुढे कुणाचा तरी जीव उभा असतो, तिने भाबडे राहून कसे चालेल?

कारखान्यात माझ्या नळीला आतून पीळ दिलेल्या खाचा पाडल्या गेल्या. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत सरळ जाते. माझा पीळ सैल आहे. आखूड, हलकी गोळी मी छान फिरवते. लांब, जड गोळी मला पुरेशी फिरवता येत नाही; ती वाटेतच कोलमडते. माझा मालक हायरम टिलट्सन हे जाणून होता. वायोमिंगच्या माळावर त्याच्या मेंढ्या होत्या आणि कोकरांवर टपलेले कायोटीही होते. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बारीक आणि दोघांहून बिलंदर असे हे जनावर! हायरम सरावाला साध्या गोळ्या घेई आणि शिकारीला टोकाशी पोकळ असलेल्या, ज्या आत शिरताच फुलतात, म्हणजे जनावर तडफडत राहू नये. पण दोन्ही आखूडच. तेव्हा माझे कौतुक होई आणि नळीला नेमाने तेल मिळे.

हायरम गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, ऑर्फाच्या हाती आले. तिचा नेम त्याच्याहून चांगला. दर रविवारी तिची मुलगी लिनेट आणि जावई रॉयस शहरातून जेवायला येत. एकदा रॉयसने चकचकीत गोळ्यांचा डबा आणला.

"आई, ह्या घ्या. लांब आहेत, जड आहेत. आपल्याकडच्या वाऱ्याला दादच देत नाहीत."

"महाग दिसतायत."

"म्हणून तर सांगतो, ताटल्यांवर उडवू नका. कायोटीसाठीच ठेवा."

इथेच घात झाला. ऑर्फा गवताच्या भाऱ्याला कागदी ताटली टाचून जुन्या आखूड गोळ्यांनी सराव करी, आणि भोके अगदी मधोमध पडत. कायोटी दिसला की मात्र रॉयसची लांब गोळी भरी, आणि नेम चुके. पुन्हा चुके. रोज सकाळी कुंपणाशी एखादे फाडलेले कोकरू सापडू लागले. मला बोलता येत नाही, मित्रांनो. नुसती आतून जळत होते.

"ताटली जागची हलत नाही, आई," रॉयस म्हणाला. "कायोटी हलतो. वयाप्रमाणे डोळे जायचेच. मेंढ्या विका आणि आमच्याकडे या. खोली रिकामीच आहे."

"खोली रिकामी आहे, का माझा माळ रिकामा हवाय, जावईबापू?"

"आई, काहीतरीच काय!" लिनेट कळवळली.

ऑर्फाला वाटे, हाच माझ्या पाठीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीचे स्क्रू सैल करून जातो. त्यांची गाडी वळली की ती एकेक स्क्रू नखाने चाचपून पाही. सगळे घट्ट असत. मलाही तो आवडेनासा झाला होता. कुंपणापलीकडे तो इतका वेळ काय न्याहाळतो? पण हळूहळू ऑर्फाला स्वतःचाच संशय येऊ लागला. एक डोळा झाकून ती पिठाच्या पोत्यावरचे नाव वाची, मग दुसरा झाकून वाची. ते पाहून मला फार वाईट वाटे. शेवटी ती हरली. शनिवारी मेंढ्या न्यायला ट्रक येणार असे ठरले.

शुक्रवारी दुपारी तिने तो डबा काढला. "आता कुणासाठी राखायच्या?" असे म्हणून तिने त्या महागड्या गोळ्या ताटलीवरच झाडल्या आणि बघायला गेली. बऱ्याचशा ताटलीला शिवल्याही नव्हत्या. ज्या लागल्या, त्यांची भोके गोल नव्हती. लांबट होती, गोळी आडवी झोपवून कागदातून ढकलावी तशी.

"अगं बाई, ह्या आडव्या गेल्यात!" ती मला म्हणाली. मोठ्याने हसली आणि मग भाऱ्यावर बसून रडली.

शनिवारी उजाडताच तिने कपाटाच्या तळातून हायरमच्या आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्या शोधल्या. एक ताटलीवर मारली. गोल भोक! थोड्याच वेळात कायोटी कुंपणाखालून आत सरपटला. माझा एकच आवाज झाला. ट्रकवाल्याला तिने कॉफी पाजली आणि रिकामा परत पाठवला.

रविवारी तिने रॉयसला रश्शाचे मांस कागदी ताटलीत वाढले. रस्सा गळून त्याच्या पँटवर आला.

"आई, ताटलीला भोकं आहेत!"

"आहेत ना? मग नीट बघ. गोल आहेत का लांबट?"

त्याने ताटली उचलून पाहिली. त्याचे कान लाल झाले. "मी ह्या बंदुकीतून मारून बघितल्या नव्हत्या, आई. दुकानात म्हणाले, चांगल्या आहेत."

"गोळ्या चांगल्याच असतील. हिच्या कामाच्या नाहीत, एवढंच. पण ते तपासायला तुला सवड झाली नाही. माझे डोळे गेले हे मात्र लगेच पटलं."

लिनेटने उठून त्याला दुसरी ताटली दिली.

तो लबाड नव्हता, नुसता उतावळा होता, असे मी आता मानते. तरी त्याने आणलेला डबा आधी ताटलीवर तपासला जातो, आणि तो कुंपणाशी उभा राहिला की माझे लक्ष असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, त्यांना काय मानवते ते विचारून घ्या. आणि कुणी म्हातारे माणूस चुकू लागले, तर ते संपले असे म्हणण्याआधी आपण त्याच्या हातात काय दिले आहे, ते एकदा नीट पाहा.