पेटीत न मावलेली खुर्ची

"आता एक नंबर, दोन नंबर काही राहिलं नाही, देहेनची आई," वेताचा व्यापारी हाजी बसरान होडीत बसूनच म्हणाला. "सगळ्याला एकच भाव. गेल्या वर्षीच्या तिसरा हिस्सा. द्यायचा तर दे."

"का? वेताला कीड लागली?"

"वेताला नाही, सिंगापूरच्या वाटेला लागली. सरकार म्हणतं, कच्चा वेत देशाबाहेर जायचा नाही. इथंच खुर्च्या करा, खुर्च्या पाठवा, देश पुढं जाईल. आता घेणार ते जावातले कारखाने. अन् गिऱ्हाईक एकटं असलं, की भाव विचारत नाही, सांगतं."

तिनं वेत दिला नाही. हाजीनं वाईट वाटून न घेता होडी पुढच्या घाटाला लावली.

कातिंगान नदीकाठची ती वेताची बाग देहेन जन्मला त्या वर्षी तिनं आणि नवऱ्यानं लावलेली. नवरा गेला, बाग राहिली. लागेल तेवढा वेत तोडायचा, बाकीचा उभा ठेवायचा. उभा वेत कुणी चोरत नाही आणि उसना मागत नाही. आता देहेनला दोन पोरं होती आणि त्याला तिथं रबर हवं होतं.

"जाळू या, आई. रबराला गिऱ्हाईक आहे."

"खुर्च्यांचं काय होतंय ते बघू दे. मग बोल."

खुर्च्या शिकवायला जावाहून सुतिक्नोसाहेब आले होते. शाळेमागच्या शेडमध्ये तिच्यासह अकरा बायका शिकत होत्या. शहरातल्या सरकारी प्रदर्शनात नमुना पसंत पडला, तर शंभर खुर्च्यांचं काम गावाला मिळणार होतं. म्हणजे बाग वाचणार होती. गावात सगळे चटईवर बसत. पण खुर्चीत बसणाऱ्यांचीही कुठंतरी सोय व्हायला हवीच, असं म्हणून बायका कामाला लागल्या.

साहेबांनी कागदावर मापं काढून दिली आणि ते आठवड्याच्या दौऱ्यावर गेले. त्या आठवड्याचे तीन आठवडे झाले. देहेनच्या आईनं कागद पाहिला. पायाला एवढा तुकडा, हाताला एवढा. जन्मभर तिनं चार मीटरचा सरळ वेत विकला होता. आखूड झाला की तो चुलीत. तिनं कागद बाजूला ठेवला. आख्खा वेत आगीवर शेकत वाकवला: पुढच्या पायातून वर, हातावरून, पाठीमागून फिरवून पलीकडच्या पायात खाली. कुठं सांधा नाही. एका खुर्चीला एकोणीस दिवस लागले.

साहेब परतले. खुर्चीभोवती फिरले. बसले, उठले, पुन्हा बसले.

"आई, तुकडे का नाही केले?"

"चांगला वेत कापायचा? एवढं पाप आमच्यात कुणी करत नाही, साहेब."

"कारखान्यात दिवसाला चाळीस होतात."

"मग बसल्यावर करकरत असतील."

"करकरतात," साहेब हसले. "पण सुट्या होऊन पेटीत मावतात."

तरी त्यांनी ती प्रदर्शनाला नेली. एका बड्या अधिकाऱ्यानं तिच्यात बसून फोटो काढून घेतला. काम जावातल्या कारखान्याला मिळालं.

हे सांगायला साहेब स्वतः आले. चिठ्ठी पाठवली असती तरी चाललं असतं.

"माझंच चुकलं. आधी सांगायला हवं होतं."

"काय?"

"की खुर्ची बसण्यासाठी नसते, पाठवण्यासाठी असते."

"चहा घ्या," ती म्हणाली. साहेब गेल्यावर तिनं देहेनला हाक मारली. "बाग तोडायला घे."

तोडलेली बाग तीन आठवडे वाळली. जाळायच्या दिवशी वारा शेजारच्या, रिंतिंगच्या बापाच्या बागेकडे होता. बांधापलीकडे त्याचा वेत अजून उभा होता. देहेननं आग लावली आणि त्याची आई पलीकडे जाऊन ओली फांदी घेऊन उभी राहिली. उडून आलेली ठिणगी दिसली की झोडपायची.

दुपारी रिंतिंगचा बाप आला.

"कशाला मरतेस एवढी? माझ्या तरी वेताला कोण विचारतंय? जळला तर तोडायचे कष्ट वाचतील."

"तुझा तू जाळ," ती म्हणाली. "माझ्या आगीनं नको."

तो ओढ्यात दुसरी फांदी भिजवून आला.

ठिणग्या त्याच्या वेतात पडत होत्या, म्हणून तिला तिकडेच बघावं लागत होतं. आग विझेपर्यंत तिची पाठ स्वतःच्या बागेकडे होती.